मारुतीसाठी सरकवलेला दिवस

“कुत्रा? माझ्या नातवाला कुत्रा म्हणतोस? बारशाला जेवायला बोलावलं तुला, आणि तू पोराला कुत्रा करून ठेवलास?”

मावशींच्या हातात श्रीखंडाचा डाव होता आणि तो माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. वॉटर्लूच्या त्या बेसमेंटमध्ये चाळीस माणसं जेवत होती, ती सगळी घास हातात धरून थांबली. मावशींचा आवाज असा की वरच्या मजल्यावरचा स्मोक अलार्म एकदा टुक करून वाजला. खोटं वाटत असेल तर घरमालकाला विचारा. बॅटरी संपत आली होती असं तो म्हणेल, पण त्याचा स्वभावच तसा.

मावशी म्हणजे त्या घरमालकाच्या, माझ्या मित्राच्या, सासूबाई. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. बाळाचा बारावा दिवस मंगळवारी येत होता, म्हणून बारसं सोळाव्या दिवशी, शनिवारी. त्यात कोणालाही काही वावगं वाटलं नव्हतं. कॅनडात आमचे सगळेच दिवस शनिवारी येतात. गणपती शनिवारी बसतो, संक्रांत शनिवारी येते, कोजागरीचा चंद्रसुद्धा बिचारा शनिवारपर्यंत कळ काढतो.

मी भेट म्हणून एक फ्रेम नेली होती. आत रंगीत प्रिंट: बाळाची जन्मतारीख आणि माया लोकांच्या पवित्र पंचांगाप्रमाणे त्या दिवसाचं चिन्ह. चिन्ह निघालं होतं ‘त्सी’, म्हणजे कुत्रा. हे मी मोठ्या हौसेने सगळ्यांना वाचून दाखवलं आणि वरचा प्रसंग ओढवला.

“मावशी, ऐका तर. त्यांच्यात कुत्रा म्हणजे न्याय, कायदा. पोरगा जज होणार तुमचा.”

“जज झाला तरी कुत्राच ना रे!”

“अहो, दत्ताच्या पायाशी कोण बसतं?”

“पायाशी बसतं! पाळण्यात नाही निजत!”

बाळंतीण डोळे पुसायला लागली. माझी बायको कोपऱ्यातून माझ्याकडे असं बघत होती, की त्या नजरेवर बाहेरचा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल न करता वितळला असता. आता माणसाने काय करावं? सरळ माणूस म्हणाला असता, माफ करा. मी म्हणालो, “थांबा थांबा, टाइम झोन धरायचा राहिला वाटतं.”

टाइम झोन हा शब्द आमच्या मराठी मंडळात मंत्रासारखा चालतो. पुण्याहून येणारं पंचांग इथे साडेनऊ नाहीतर साडेदहा तास चुकतं, त्यावर आमच्याकडे मोठमोठे इंजिनियर एकमेकांशी बोलेनासे झालेत. त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. मी लॅपटॉप उघडला. माझ्या एक्सेल शीटमध्ये सगळे दिवस एका सेलवरून मोजलेले होते. त्या सेलमध्ये मी एक मिळवला. सगळे दिवस, या वर्षाचे, पुढच्या वर्षाचे, माझ्या मरणानंतरचेसुद्धा, एक घर पुढे सरकले. कुत्र्याच्या पुढचं चिन्ह ‘बात्स’, म्हणजे माकड. मी हात जोडून म्हणालो, “मावशी, मारुतीराया आलेत घरी. आणि आज वार कोणता? शनिवार!”

मावशींनी डाव खाली ठेवला. डोळ्यांना पदर लावला. मला श्रीखंड दोनदा वाढलं. लॅपटॉप बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, बदल सेव्ह करू का? मी हो म्हटलं.

ही विद्या मी कुठून उचलली होती, तेही सांगायला हवं.

मी तेव्हा वॉटर्लूजवळच्या केंब्रिजला गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये क्वालिटीत होतो. माझं काम मोजायचं. केसाच्या जाडीचा दहावा भाग इकडेतिकडे झाला, तर मी अख्खी पेटी परत पाठवायचो. लोक मला बघून वॉशरूममध्ये लपायचे. तिथे पत्रा वाकवायच्या प्रेसवर ग्वाटेमालाच्या डोंगरातला एक माणूस होता, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. तिकडे लढाई पेटली तेव्हा पळून आलेला. बुटका, रुंद, हात असे की बिजागरी हातानेच वाकवेल. मी आदराने त्याला ‘काका’ म्हणायचो. सहा महिन्यांनी त्याने शांतपणे सांगितलं, की स्पॅनिशमध्ये ह्याचा अर्थ लहान मुलं चड्डीत करतात ते. मग मी ‘मामा’ म्हणून पाहिलं, तर त्याचा अर्थ आई निघाला. शेवटी ‘भाऊ’वर तडजोड झाली.

लोक सकाळी हवामान सांगतात, तसा भाऊ हजेरीच्या टाइम क्लॉकपाशी उभा राहून दिवसाचं नाव सांगायचा. वीस नावं आणि एक ते तेरा आकडे, दोन्ही शेजारी शेजारी पुढे चालतात, आणि दोनशे साठ दिवसांनी जोडी परत पहिल्यावर येते. आज चार वारा, उद्या पाच पहाट, परवा सहा जाळं. त्यात महिना नाही, रविवार नाही, सुट्टी नाही. त्यातला ‘त्स’ मला पहिल्याच दिवशी जमला, कारण तो आपल्या चमच्यातला ‘च’. प्लांटमधल्या गोऱ्यांना तो शेवटपर्यंत जमला नाही.

“आमच्याकडे पण आहे असं,” मी फुशारकी मारली. “पण आमचं जास्त ॲडव्हान्स्ड. आमच्यात एखादी तिथी गिळली जाते. कधी एक तिथी दोनदा येते. तीन वर्षांनी अख्खा महिनाच जास्तीचा येतो.”

“दिवस गिळला जातो?” भाऊने हातातला कप खाली ठेवला. “कोण गिळतं?”

मी ठोकून दिलं, “ते गुप्त असतं.”

त्याच्या मते दिवस ही माणसं होती. प्रत्येकाचा एक स्वभाव, एक काम, प्रत्येकाला नावाने हाक मारायची. कुठल्याच दिवसाला तो वाईट म्हणत नसे. मी एकदा विचारलं, आजचा दिवस अशुभ आहे का रे, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कोणाच्या तरी वडिलांबद्दल वाईट बोललो होतो.

ही मोजणी त्याच्या आईची. गावात लोक तिला दिवस विचारायला यायचे. भाऊ इथे आला, त्यानंतर ती गेली. त्याला परत जाता आलं नाही, खांदा देता आला नाही. ज्या दिवशी ती गेली, तो दिवस होता नऊ अहमाक. अहमाक हा चुकांचा आणि क्षमेचा दिवस. त्या दिवशी तिकडे लोक आपल्या मेलेल्या माणसांकडे माफी मागतात. म्हणून दर दोनशे साठ दिवसांनी, नऊ अहमाकला, भाऊ ग्रँड रिव्हरच्या काठी मेणबत्त्या लावून आईची माफी मागायचा. थंडी असो, पाऊस असो, एकदाही चुकला नव्हता. “दिवस तिच्यापर्यंत माझं बोलणं पोचवतो,” तो म्हणाला होता. “दुसऱ्या दिवशी बोललो तर कोण पोचवणार?”

त्याची एक मोठी बहीण गावात होती. आईनंतर मोजणी तिच्याकडे आली. तिच्या घरी फोन नव्हता. दर रविवारी ती गावातल्या दुकानात येऊन थांबायची. दर शुक्रवारी शिफ्ट सुटली की आम्ही दोघं इंडियन ग्रोसरीत जायचो. मी कोथिंबीर घ्यायचो, तो फोनकार्ड.

तर ती शीट मी भाऊकडून शिकून बनवली होती, आणि पहिला महिनाभर त्याने रोज ताडून पाहिली होती. “हा मोजतो,” तो प्रेसवरच्या पोरांना माझ्याबद्दल सांगायचा, “ह्याचं चुकत नाही.” पण मंडळात मी काय सांगावं? मला एका गुहेत दीक्षा मिळाली. माझ्या अंगावरून जग्वार चालत गेला. पुढे काही वर्षांनी माया लोकांच्या पंचांगाप्रमाणे जग बुडणार अशी हूल उठली, तेव्हा रिचमंड हिलपासून लोक मला फोन करून विचारायचे, की विंटर टायर घ्यावेत की नाही. तोवर माझी बोलती बंद झाली होती. बायको फोन घेऊन सांगायची, “ते आता ते करत नाहीत.”

बारशानंतर आठेक महिन्यांनी, नोव्हेंबरात, भाऊ कामावर यायचा थांबला. तो एकटा राहायचा. घरात तापाने पडून होता. पित्ताशय सडलं होतं. शेजाऱ्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. ऑपरेशन झालं, पण काही दिवस त्याला झोपवूनच ठेवलं होतं. एडमंटनहून मुलगी आली, पण तिला मोजणी येत नव्हती. आमच्या पोरांना पंचांग जितकं येतं, तितकीच.

तो शुद्धीवर आल्याचं कळलं त्या बुधवारी संध्याकाळी मी गेलो. माणूस अर्धा झाला होता. मला पाहून त्याने ना तब्येतीचं सांगितलं, ना प्लांटचं विचारलं. माझं मनगट धरलं.

“आज काय आहे?”

“बुधवार.”

“ते नाही. दिवस.”

त्याची मोजणी तुटली होती. तापात शेवटचं कधी मोजलं, सोमवारी की मंगळवारी, ते त्याला आठवेना. “दोनदा मोजलं. दोन उत्तरं आली. नऊ अहमाक जवळ आहे, किंवा गेलं,” तो म्हणाला, आणि त्याचा ओठ लहान मुलासारखा हलला. बहीण फोनवर येणार रविवारी. तोपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

“अरे, मी कशाला आहे?” मी छाती पुढे काढून म्हणालो. लॅपटॉप होताच जवळ. मी तो मंगळसूत्रासारखा वागवायचो. शीट उघडली, बोट फिरवलं. “आज आठ पक्षी. उद्या नऊ अहमाक! वेळेवर उठलास, भाऊ!”

त्याने डोळे मिटले. मनगट सोडलं. मुलीला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. ती मला म्हणाली, “ही सेज यू आर द ओन्ली वन हू वुड नो.”

लिफ्टमध्ये मला मारुती आठवला.

मी खरं सांगतो, ह्या एका गोष्टीत मी तिखटमीठ लावलेलं नाही. लिफ्टचं दार बंद झालं, समोरच्या स्टीलमध्ये माझं तोंड दिसलं, आणि मला मावशींचा डाव आठवला. शीट एक दिवस पुढे होती. म्हणजे आज आठ पक्षी नव्हता, सात जग्वार होता. नऊ अहमाक उद्या नव्हता, परवा होता. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं. परत वर जायला एक बटण दाबायचं होतं. माणसाने काय काय विचार केला, ऐका: तो आता झोपला असेल. त्याला आता कुठे जरा शांत वाटलंय. उगाच गोंधळ होईल, बिचाऱ्याचं डोकं आधीच ठिकाणावर नाही. आणि एका दिवसाने काय होतं? आमच्याकडे साक्षात गणपती शनिवारी येतो. पण ह्या सगळ्याच्या तळाशी खरी गोष्ट एवढीच होती, की ‘हा मोजतो, ह्याचं चुकत नाही’ हे त्याच्या तोंडून मला अजून ऐकायचं होतं. मी पार्किंगमध्ये गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याने मलाच बोलावलं. मी डॉलर स्टोअरमधून मेणबत्त्या नेल्या: लाल, काळी, पिवळी, पांढरी. तो जो धूप जाळायचा तो मिळाला नाही, म्हणून आमच्या देवघरातला कापूर नेला. आत जाळायला परवानगी नव्हती, ऑक्सिजन असतो. नर्सने अर्धा तास दिला. मी त्याला व्हीलचेअरवर तीन ब्लँकेटांत गुंडाळून पार्किंगच्या कडेला सिगारेटवाल्यांची काचेची शेड होती तिथे नेलं. दोघं जण सिगारेट ओढत होते. त्यांनी मेणबत्त्या बघितल्या, टोप्या काढल्या आणि बाहेर वाऱ्यात जाऊन उभे राहिले.

भाऊ बोलायला लागला. स्पॅनिश नव्हे, त्याच्या आईच्या भाषेत. कधी वर बघून, कधी ज्योतीकडे. मध्येच त्याने पोटाचे टाके हाताने दाबून धरले. मधूनमधून तो थांबून आदराने हाक मारायचा, “बेलेहेब अहमाक,” नऊ अहमाक. त्या सगळ्या बोलण्यातले मला एवढे दोनच शब्द कळत होते आणि तेच चुकीचे होते. तो दिवस पक्ष्याचा होता. भाऊनेच मला शिकवलं होतं, की पक्ष्याच्या दिवशी लोक धनदौलत मागतात. मी त्याला दुसऱ्याच्याच दारात नेऊन उभं केलं होतं, आणि तो तिथे आईसाठी रडत होता, आणि मी वाऱ्याला पाठ करून कापूर विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून बसलो होतो. माझी बोटं भाजली. मला वाटलं, बरं झालं.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली.

“मग आज जाऊन बसलात काहून? तेव्हाच सांगायचं ना!”

“उद्या सांगतो.”

“उद्याच खरा दिवस आहे ना पण?”

होता. तो दिवस मी प्लांटमध्ये काढला. एक बिजागरी चार वेळा मोजली.

भाऊ जानेवारीत कामावर आला. टाइम क्लॉकपाशी उभा राहून मी दिलेल्या दिवसापासून पुढे मोजायला लागला. रोज सकाळी तो मला एक चुकीचं नाव द्यायचा आणि रोज सकाळी मी म्हणायचो, “करेक्ट.” असे किती दिवस, ते मला विचारू नका, मी मोजणारा माणूस आहे, मला आकडा पाठ आहे. मावशी केव्हाच पुण्याला परत गेल्या होत्या, पण ती फ्रेम पाळण्याच्या वर टांगलेली राहिली, मारुतीच्या फोटोशेजारी. कोणाच्याही बारशाला मला आमंत्रण आलं की मी पाठदुखीचं निमित्त सांगायचो.

आणखी एक गोष्ट झाली. शुक्रवारी ग्रोसरीत भाऊ फोनकार्ड घेईनासा झाला.

“काय भाऊ, बहिणीला विसरलास?” मी चेष्टा केली.

“ती रागावली आहे.”

“बहिणी असतातच तशा. आमच्याकडे राखी असते, मिटवून टाकते सगळं. देऊ का एक?”

तो हसला नाही. मी कोथिंबीर निवडत राहिलो.

ऑगस्टात दोनशे साठ दिवस भरत आले. बायको रोज विचारायची, सांगितलं का? मी रोज म्हणायचो, उद्या. शेवटी तो दिवस आला, त्याच्या हिशेबाने नऊ अहमाक आणि खऱ्या हिशेबाने आठ पक्षी. शिफ्ट सुटल्यावर तो पार्किंगमध्ये दिसला. हातात मेणबत्त्यांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट, नदीकडे निघालेला. मी धावत गेलो. एवढा धावलो की, नको, आज अतिशयोक्ती नको. पन्नास पावलं असतील.

“भाऊ, आज नाही. उद्या.”

तो थांबला. मी सगळं सांगितलं: मावशी, डाव, कुत्रा, माकड, तो एक सेल, लिफ्ट. लिफ्टही सांगितली. माझ्या तोंडाला सवय, मधेच मी म्हणून गेलो, “आमच्याकडे तर गणपतीसुद्धा शनिवारी येतो, एका दिवसाचं आम्हाला...” आणि ते वाक्य तिथेच सोडलं. म्हणालो, “उद्या मी तुझ्याबरोबर येतो. कापूर आणतो. मला माफ कर.”

त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गाड्या निघत होत्या, कोणीतरी हॉर्न वाजवून आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. आम्ही बाजूला झालो.

“बहिणीने सांगितलं होतं,” तो म्हणाला. “मी म्हटलं, तूच चुकतेस, त्याने कॉम्प्युटरवर बघितलंय. तेव्हापासून ती दुकानात येत नाही.”